अस्तरासकट

खुर्चीवर नुसतं बूड टेकलं तरी आत काथ्या आहे, फोम आहे की कुणी चिंध्या कोंबून गिऱ्हाइकाला गंडवलंय, हे उस्ताद सांगायची. उस्ताद म्हणजे बाई. जुन्या खुर्च्या, सोफे, बसच्या सीटा उसवून नव्यानं भरायचं काम मूळचं तिच्या आईचं. लेक आईच्या हाताखाली शिकली आणि आईच्याच पुढं गेली, तेव्हा आईनं चिडून तिला हे नाव ठेवलं. चिडणं गेलं, नाव राहिलं.

अशा बाईनं स्वतःच्या आत काय भरलंय ते सोडून सगळ्या कारखान्याला दोष दिला, आणि तोही दोन वर्षं.

सकाळी उठलं की बोटं आखडलेली, गुडघे कुरकुरणारे. मूठ वळायची नाही, दाभण निसटायचं. खुर्चीच्या चौकटीवर जाड कापडी पट्टा ताणून ठोकतात. सगळी बैठक त्याच्यावर पेललेली असते. तो पट्टा तर तिला ओढताच येईना. मग साठी उलटलेली आई उठायची, मुकाट्यानं पट्टा तिच्या हातातून घ्यायची आणि ताणून द्यायची. उस्तादला ते शिवीपेक्षा जास्त लागायचं.

तिनं गोंद बदलला, फोमच्या धुळीला भिऊन तोंडाला फडकं बांधलं, हातोडीचा दांडा नवा बसवला. सांध्यांच्या डॉक्टरनं बाटल्या भरभरून रक्त तपासलं. काही सापडेना.

मग डावी छाती दगडासारखी कडक झाली.

पंचविशीत तिनं साठवलेली कमाई घालून छातीत सिलिकॉनच्या पिशव्या बसवून घेतल्या होत्या. शाळेत पोरी तिला फळी म्हणायच्या. कारखान्यात आलेलं गिऱ्हाईक पाठमोरी बघून "ए बारक्या" अशी हाक मारायचं आणि ती वळली तरी चूक कबूल करायचं नाही. आईनं तेव्हा महिनाभर अबोला धरला होता. पण उस्तादला पस्तावा असा कधी झालाच नाही. चौदा वर्षं ती आरशासमोर मान वर करून उभी राहिली, मग खोटं कशाला सांगायचं?

प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टरबाईंनी तपासलं, आतले फोटो काढले आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. "शरीर परक्या वस्तूभोवती आपलं एक आवरण तयार करतं. डावीकडचं जाड होऊन आवळलंय. पिशवी फुटलेली दिसत नाही, म्हणजे घाई नाही. तशाच ठेवता येतील, बदलता येतील, काढूनही टाकता येतील."

"अस्तर म्हणा की," उस्ताद म्हणाली. "अस्तर आकसलं की आतला माल कितीही चांगला असू दे, बैठक दगड होते."

"अगदी तसंच."

"आणि हात?"

"पिशव्या काढल्यावर काही जणींना बरं वाटतं, काहींना काडीचा फरक पडत नाही. हात यांच्यामुळेच दुखतात असं मी छातीठोक नाही सांगू शकत."

"छातीठोक?" उस्ताद म्हणाली. मग अशी खदखदून हसली की बाहेरची नर्स आत डोकावली. आपण काय बोललो ते डॉक्टरबाईंच्याही तेव्हाच लक्षात आलं आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

घरी मात्र हसू टिकलं नाही. नवरा बस चालवायचा. सीट दुरुस्त करून घ्यायला आला होता तेव्हाची दोघांची ओळख, म्हणजे पिशव्या बसवल्यानंतरची.

"तू मला पहिल्यांदा बघितलंस तेव्हा काय बघितलंस? खरं सांग," तिनं विचारलं.

"तू माझ्या सीटमधली स्प्रिंग उपसत होतीस आणि स्प्रिंगला आईवरून शिव्या घालत होतीस."

"मी काय विचारतेय?"

"तेही बघितलं. आंधळा असतो तर बस चालवायला दिली असती का?" मग म्हणाला, "काढ नाहीतर ठेव. रात्री बोटं शेकत बसतेस ते बघवत नाही, एवढंच."

हे उत्तर बरं होतं, पण निर्णय त्यात नव्हता. काढून हात सुधारले नाहीत तर? मग दोन्हीकडून नागवलं जायचं. तिनं आईला विचारलं.

"मी तेव्हाच सांगितलं होतं," आई म्हणाली. हे येणारच होतं. "पण आता माझ्यासाठी काढू नको. तेव्हा ऐकलं नाहीस, आता कुठली गुणाची होतेस?"

आठ दिवसांनी एक गिऱ्हाईक सोफा घेऊन आलं. वरून नवा फोम टाका, बाकी हात लावू नका म्हणालं. उस्तादनं सोफा दाबून बघितला आणि नेहमीसारखी फटकन बोलली, "नुसता माल बदलून भागायचं नाही. आतलं अस्तर सडलंय. सगळं उसवायचं, चौकट मोकळी करायची. चौकट धड असली की बाकीचं मग बघता येतं."

आईनं तोंडात खिळे धरले होते. ते तिनं एकेक करून हातावर काढले. "काय बोललीस ते ऐकलंस का?"

"ऐकलं."

"मग?"

उस्तादनं हात पुसले आणि डॉक्टरबाईंना फोन लावला. "दोन्ही काढा. नव्या नकोत. आणि अस्तरासकट काढा."

"जिथं सुटेल तिथलं सगळं काढीन. बरगड्यांना घट्ट चिकटलं असेल तिथं हट्ट करणार नाही."

"चौकटीला धक्का नको, एवढं मलाही कळतं."

ऑपरेशन झालं. पट्ट्या सुटल्या तेव्हा सैल कातडी, दोन लाल व्रण आणि मान खाली घातली की थेट पोट. दोन दिवस तिनं आरशावर टॉवेल टाकून ठेवला. तिसऱ्या दिवशी अंघोळीला टॉवेल लागला म्हणून काढला, तो परत टाकला नाही.

दीड महिना जड उचलायला बंदी होती. त्यानंतर एका सकाळी तिनं बरणीचं झाकण फिरवलं, ते फिरलं. तिनं नवऱ्याला दुसरी बरणी आणायला लावली, मग तिसरी. गुडघे अजून मधूनच कुरकुरत होते, पण बोटं ऐकत होती.

तिसऱ्या महिन्यात ती कारखान्यात चौकटीसमोर बसली आणि पट्टा हातात घेतला. आई सवयीनं उठली, येऊन तिनं पट्ट्याचं टोक पकडलं.

"सोड," उस्ताद म्हणाली.

"आण इकडे. दुखेल."

"आई, सोड म्हणते ना."

"तूच सोड, उस्ताद झालीस म्हणून काय..."

उस्तादनं एकच हिसका दिला. पट्टा आईच्या हातातून सुटला आणि आई मागच्या काथ्याच्या ढिगात धपकन बसली. पाय वर, केसात काथ्या.

"मेले, हाडं मोडशील माझी!" आई ओरडली. मग ढिगातच बसून पोट धरून हसायला लागली.

उस्तादला तिकडं बघायला वेळ नव्हता. पहिला पट्टा खणखणीत ताणून ठोकला होता आणि ती दुसरा ओढत होती.