गाळवाले काका

सोलापुरात बसून समुद्राच्या तळाची काळजी करणारा माणूस आजवर एकच झाला, आणि माझं नशीब असं की डायलिसिसच्या वॉर्डात त्याची खाट माझ्या शेजारी होती. दिवसाआड आम्ही दोघं हाताला नळ्या लावून तासन्‌तास आडवे पडायचो. बाकीचे पेशंट मोबाईल बघायचे, डुलक्या घ्यायचे, कण्हायचे. काका बोलायचे. मूळचे सांगोल्याचे. टँकरच्या पाण्यावर वाढलेला हा माणूस पुढे शास्त्रज्ञ झाला आणि उभी नोकरी जहाजावर, समुद्राच्या बुडातला गाळ वर काढून तपासण्यात घालवली. निवृत्तीनंतर सोलापुरात आले, पण डोकं तिकडे तळाशीच राहिलं. भाषा मात्र कधी सांगोल्याबाहेर गेलीच नव्हती. त्यात आता डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलेलं. "आख्खा समुद्र बगितला, आन् आता ह्या फुलपात्रावर दिवस काढायचा," म्हणत ते घोटभर पाणी तोंडात घोळवत राहायचे.

जगातला कुठलाही विषय त्यांच्यापाशी आला की गाळातच रुतायचा. आहारतज्ज्ञ बाई मासे किती खावेत हे सांगायला आल्या, तर यांनी विचारलं, "मासा कुटल्या जाळ्यातला? तळ खरवडणाऱ्या, का वरच्यावर सोडलेल्या?" बाई पुढच्या वेळी आमच्या रांगेला वळसा घालून गेल्या. नवी पेठेत दुकानदाराला अख्खी थप्पी उलगडायला लावून त्यांनी काकूंना हिरवट तपकिरी साडी घेतली, कारण अरबी समुद्राच्या तळाचा रंग म्हणे नेमका तोच. "लग्नाच्या वाढदिवसाला चिखल नेसवला मला," काकू डबा उघडता उघडता सांगायच्या. अंगावर बहुतेक वेळा तीच साडी असायची.

मलाही त्यांनी सगळं समजावलं होतं. "हवेतला कार्बन पाण्यात उतरतोय, तो बारके जीव घेत्यात. ते मेले की त्यातले थोडे पार तळाला जाऊन गाळात गाडले जात्यात. हजारो वर्सं तितं गप पडून ऱ्हातंय. आन् आपण वजनदार जाळी फरफटत न्हेतो त्याच्यावरनं!"

"मग काय होतं?"

"मग तळ ढवळतोय, त्यातला काही कार्बन परत पाण्यात सुटतोय. पाणी आंबट व्हतंय, थोडा हवेत बी जातोय. आदीच काय कमी उकडतंय का सोलापुरात?"

"हवेत जातो म्हणजे किती?"

"त्याच्यावर आमच्यात अजून भांडणं हायती," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "पर गप निजलेल्याला हलवायचं कशाला, म्हणतो मी." तेवढ्यात सिस्टरने बीपी बघायला पलीकडच्या झोपलेल्या आजोबांना हलवलं, आणि काका तिच्यावरही डाफरले.

एका उन्हाळ्यात मी ठरवलं, आता बस. सुया नकोत, मशीन नको, काहीच नको. नवऱ्याने रिक्षा दारात आणून उभी केली. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. शेवटी त्याने काकांना फोन लावला आणि माझ्या कानाशी धरला. मला वाटलं, समजूत काढतील. ते चक्क रागावले. "पोरी, परवा माझ्या गोष्टीत जाळं तळाला टेकलं, आन् तितंच सिस्टरनं मला मशीनवरनं सोडवलं. फुडं काय झालं ते ऐकायचं न्हाय व्हय? ये की. मी एकटा पडून कुणाला सांगू?" मी कूस वळवली. मग उठून चप्पल घातली.

पुढे आईने मला तिची किडनी दिली. बरी झाल्यावर पेढे घेऊन वॉर्डात गेले, तर काका नळ्या लावून पडलेले. पेढ्याला बंदी असूनही त्यांनी कणभर जिभेवर ठेवला. काकू तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. "जा आता," काका म्हणाले. "हितं परत दिसू नगंस."

गेल्या हिवाळ्यात ते गेले. मला गाळाची भारी आवड आहे, असं त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं. मला खरं तर एवढंच हवं असायचं, की त्यांनी बोलणं थांबवू नये. परवा बातम्यांत तळ खरवडणाऱ्या जाळ्यांवर चर्चा लागली. मी घरच्यांना गप्प केलं, आवाज वाढवला आणि शेवटपर्यंत ऐकलं. त्यातला एकजण काहीतरी चुकीचं बोलला तेव्हा मला खराखुरा राग आला, आणि मान वळवून मी विचारून बसले, "काका, असं नाही ना हे?"

शेजारी आई मेथी निवडत होती. तिने हातातली जुडी खाली ठेवली आणि टीव्हीचा आवाज हळूच कमी केला.