खांबाच्या आतून

२००४ च्या एप्रिलमध्ये आम्ही वूस्टरला राहायला गेलो, एका तीन मजली लाकडी घराच्या मधल्या मजल्यावर. नवऱ्याचं ऑफिस तिथून वीस मिनिटांवर होतं. तळमजल्यावर घरमालक एकटेच राहत. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या कुठल्याशा गावातून ते पंचविसाव्या वर्षी आले होते. जन्मभर लोकांच्या घरांची छपरं घातली, आणि आता गुडघे गेल्यामुळे घरी होते. बायको जाऊन चार वर्षं झाली होती.

मी डिपेंडंट व्हिसावर होते. पुण्यात एका कॉलेजात मी केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स घ्यायचे. इथे मला काम करायची परवानगी नव्हती. सकाळी सव्वाआठला नवऱ्याची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली की संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलणारं कुणी नसे. पुण्याहून येताना बॅगेत मी प्रयोगशाळेतला पांढरा कोट घालून आणला होता. इथे लगेच लागेल असं तेव्हा वाटलं असावं. तो घडीसकट कपाटात पडून होता.

दर सोमवारी मागच्या अंगणात दोरीवर वीसेक निळ्या जर्सी वाळत घातलेल्या दिसायच्या. एकट्या माणसाकडे एवढे कपडे कुठून येतात, याचं मला कुतूहल होतं. एकदा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना मी विचारलं. म्हातारा खूश झाला. दोरीवरच्या जर्सी सरळ करत त्यांनी मला गेलिक फुटबॉल, म्हणजे त्यांच्या देशातला खेळ, समजावून सांगितला. चेंडू हातातही घेता येतो आणि पायानेही मारता येतो. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे असतात. आडव्या दांडीच्या खालून जाळ्यात गेला तर तीन गुण, वरून, दोन खांबांच्या मधून गेला तर एक. त्या जर्सी त्यांच्या क्लबाच्या होत्या, आणि क्लब ज्युनियर चँपियनशिपमध्ये खेळायचा. ज्युनियर म्हणजे पोरांची स्पर्धा नव्हे, खालच्या फळीतल्या क्लबांची. वरच्या क्लबांना उन्हाळ्यापुरते आयर्लंडहून आणलेले पट्टीचे खेळाडू मिळत. यांच्याकडे आठवडाभर भिंती रंगवून, फरशा बसवून थकलेली माणसं होती, आणि तीही दर वर्षी कमी होत चालली होती.

"तुझे डोळे कसे आहेत?" त्यांनी अचानक विचारलं.

"चांगले आहेत."

"रविवारी काय करतेस?"

रविवारी आम्ही भाजी आणायचो.

"आम्हाला खांबाशी उभं राहायला माणूस हवाय. प्रत्येक क्लबाने आपला एकेक द्यायचा असतो. चेंडू आतून गेला तर झेंडा वर, बाहेरून गेला तर दोन्ही हात. एवढंच काम."

"पण मला खेळातलं काही कळत नाही."

"म्हणून तर तुला विचारतोय. ज्यांना कळतं त्यांचं काय व्हायला हवं ते आधीच ठरलेलं असतं. पांढरा कोट लागेल. आमच्याकडे एकच आहे, तो तुला घोट्यापर्यंत येईल."

"कोट आहे माझ्याकडे," मी म्हणाले.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "अगं, व्हॉलंटियरच ना? मग ठीक आहे. फक्त कुठे काही साइन करू नकोस हां. स्टेटसचा प्रॉब्लेम नको." त्या वर्षांत आम्ही सगळेच असं बोलायचो. फ्रीमाँटला राहणारी माझी मैत्रीण तर लायब्ररीचं कार्ड काढायच्या आधी नवऱ्याला फोन करायची.

मग दोन उन्हाळे मी रविवारी म्हाताऱ्यांच्या जुन्या व्हॅनमधून बॉस्टनच्या दक्षिणेकडच्या मैदानावर जाऊ लागले. माझ्या जागी उभी राहून मी खांबाकडे बघत असे. पहिल्या सामन्यात मैदानाबाहेरच्या दोन माणसांनी हसून काही शेरा मारला. दुसऱ्या महिन्यात कुणी हसेना. चेंडू खांबाच्या टोकापेक्षा उंच गेला की तो आतून गेला की बाहेरून, हे सांगायला खांब मनातल्या मनात वर वाढवावा लागतो. मला ते जमायचं. ब्युरेटमधली पातळी बघण्यात काढलेली वर्षं कामी येत असतील. मी झेंडा वर केला की पंच वहीत लिहून घ्यायचा. माझ्या म्हणण्याला त्या देशात दुसरीकडे कुठेच तेवढी किंमत नव्हती. मी आठवडाभर रविवारची वाट बघायचे, हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

क्लबाचा सगळ्यात चांगला खेळाडू एक सुतार होता, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, डावखुरा. डाव्या पायाने मारलेला त्याचा चेंडू कुठल्या कुठे जायचा. रविवारी सामना झाला की तो म्हाताऱ्यांकडेच जेवायचा. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी हिवाळ्यात अडकली होती, ती त्यानेच मोकळी करून दिली. खिडकीला रंधा मारत असताना त्याने सांगितलं की त्याचा व्हिसा कधीच संपलाय आणि सहा वर्षांत तो घरी गेलेला नाही.

२००५ च्या उन्हाळ्यात त्याच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. एकदा इथून गेला की दहा वर्षं परत येता येणार नव्हतं. तो दोन महिने रोज ठरवत होता आणि रोज मोडत होता. शेवटी त्याने तिकीट काढलं. नेमका त्या वर्षी क्लब कसाबसा अंतिम सामन्यात पोहोचला होता. सामना रविवारी होता आणि त्याचं विमान मंगळवारी.

"जिंकलो तर कप बापाच्या पलंगाशी नेऊन ठेव," म्हातारा त्याला म्हणाला. "पुढच्या वर्षी पोस्टाने परत पाठव."

सप्टेंबरचा तो दिवस ढगाळ होता. दीडशेएक माणसं आली असतील. पलीकडच्या खांबाशी दुसऱ्या क्लबाचा माणूस उभा होता, उंच, लाल मानेचा, साठीचा. तो माझ्याशी नीट वागत होता. मध्यंतरात त्याने मला थर्मासमधला चहा दिला.

शेवटच्या मिनिटाला दोन्ही संघांचे गुण सारखे होते. चेंडू सुताराकडे आला. तो उजव्या बाजूला, बराच लांब होता. एकाला चुकवून त्याने डाव्या पायाने मारला. चेंडू उंच चढला आणि वळत वळत माझ्या खांबाकडे आला. टोकाच्या हातभर वरून, खांबाच्या आतून, तो माझ्या डोक्यावरून मागे गेला.

हे मी आज लिहितेय म्हणून सांगत नाही. तेव्हाही मला ते स्वच्छ दिसलं होतं. आतून गेला.

पण त्याच क्षणी पलीकडचा माणूस ठामपणे "वाइड!" म्हणाला. त्यांचा गोलरक्षक माझ्याकडे वळून दोन्ही हात हलवत ओरडायला लागला. मागच्या गर्दीतून एक आवाज आला, "ती त्यांचीच बाई आहे!" पंच धावत येत होता. पांढरा झेंडा माझ्या पायाशी गवतात होता. मला वाटलं, मी तो उचलला तर सगळे म्हणतील, हिने आपल्या माणसांसाठी उचलला. पंच मला नाव विचारेल, कोण तू, कुठली तू. मी काही चुकीचं केलेलं नव्हतं, तरीही मी इमिग्रेशनच्या खिडकीपुढे असल्यासारखी उभी होते.

मी दोन्ही हात वर करून हलवले. वाइड.

सुतार जागेवरच उभा राहिला. त्याने डोकं धरलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. गोलरक्षकाने चेंडू घाईने लांब मारला, त्यांचे तिघेजण पळत सुटले, आणि दुसऱ्या टोकाला खांबाच्या अगदी मधून एक गुण गेला. पंचाने शिट्टी वाजवली.

व्हॅनमध्ये परतताना म्हाताऱ्यांनी रेडिओ लावून ठेवला. नवऱ्याला मी दुसऱ्या दिवशी गाडीत, किराणा आणायला जाताना सांगितलं.

"अगं, मॅच होती ती," तो म्हणाला. "कुठली तरी लोकल मॅच. इतकं काय त्यात?"

"मला दिसलं होतं रे."

"मग आता काय, अपील करणार आहेस? सोडून दे."

मंगळवारी म्हाताऱ्यांच्या व्हॅनमधून विमानतळावर जायला सुतार निघाला तेव्हा मी पडद्याआड उभी होते. त्याने व्हॅनमध्ये दोन बॅगा आणि हत्यारांची पेटी ठेवली. जाताना मान वर करून आमच्या खिडकीकडे हात हलवला. मी खाली गेले नाही.

पुढच्या वर्षी मी गुडघेदुखीचं कारण सांगितलं आणि खांबाशी उभं राहणं बंद केलं. म्हातारा "बरं" म्हणाला. तो उन्हाळा त्यांनी कशाबशा जमवलेल्या तेरा माणसांवर रेटला. आयर्लंडमध्ये तेव्हा कामं भरपूर होती आणि इथे पकडलं जाण्याची भीती वाढत होती, त्यामुळे एकेक जण परत जात होता. २००७ च्या वसंतात क्लबने नाव नोंदवलंच नाही. एका शनिवारी म्हातारा मागच्या पायऱ्यांवर जर्सी खोक्यात भरत बसलेला दिसला. शिकागोच्या एका क्लबाला त्या पाठवायच्या होत्या. मी खाली जाऊन त्यांच्याशेजारी घड्या घालायला लागले. पाचसहा जर्सी झाल्यावर म्हणाले, "फायनलचा तो चेंडू आतून गेला होता."

त्यांचे हात थांबले नाहीत.

"माहीत आहे मला."

"तुम्ही लांब होतात. तुम्हाला कसं दिसलं?"

"चेंडू नाही दिसला. तुझं तोंड दिसलं. तू आधी झेंड्याकडे बघितलंस."

"मी घाबरले," मी म्हणाले.

"घाबरतात माणसं," ते म्हणाले. "मला वाटलं, त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी तू येऊन सांगशील. मंगळवारी सकाळी मी त्याला मुद्दाम दहा मिनिटं रेंगाळत ठेवला होता. बॅगा दोनदा लावल्या. त्याला काय हवं होतं? आपण आत मारला होता, एवढं ऐकून गेला असता."

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "मी त्याच्याच बाजूचा. माझ्या सांगण्याला काय अर्थ? तू सांगायला हवं होतंस."

आत जाऊन त्यांनी एका पाकिटाच्या मागे फोन नंबर लिहून आणून दिला.

तो कागद मी सहा आठवडे फ्रिजवर ठेवला. मग एका दुपारी कॉलिंग कार्डावरून फोन लावला. त्याच्या आईने उचलला आणि त्याला हाक मारली. मागे टीव्हीचा आवाज होता. मी कोण ते सांगितल्यावर तो हसला, खिडकी नीट चालते का विचारलं. मग मी सांगितलं. पाठ करून ठेवलं होतं, तरी अडखळले.

मागचा टीव्हीचा आवाज बंद झाला.

"नक्की?" त्याने विचारलं.

"नक्की. खांबाच्या आतून."

"इथे आल्यापासून सगळ्यांना मी सांगत आलोय की मी चुकवला," तो म्हणाला. "बापालाही तेच सांगितलं. तो शेवटपर्यंत त्यावरून चिडवायचा मला. बोलता येत नव्हतं धड, तरी हात असे हलवून दाखवायचा. वाइड."

"वडील कधी..."

"गेल्या नाताळात."

मी सॉरी म्हणाले. कशाबद्दल, ते मलाच वेगळं करता आलं नाही. तो आता खेळतो का, असं मी विचारलं. नाही म्हणाला, वेळ नसतो. मग त्याने म्हाताऱ्यांची तब्येत विचारली. बोलण्यात राग नव्हता. रागावला असता तर माझ्या हाती काहीतरी लागलं असतं. शेवटी तो म्हणाला, "फोन केलास, बरं झालं," पण ते फोन ठेवायच्या वेळी कुणीही म्हणतं तसं होतं.

म्हाताऱ्यांना मी सांगितलं की फोन केला. त्यांनी मान हलवली. त्यानंतरही ते आमच्या दारात टोमॅटो आणून ठेवायचे, पायऱ्यांवरचा बर्फ आमच्यासकट काढायचे, दिसले की हवेबद्दल बोलायचे. पण मला परत कधी त्यांनी काही विचारलं नाही. माझे डोळे कसे आहेत, रविवारी मी काय करते, असलं काहीच नाही.

२००८ मध्ये आम्ही श्रूजबरीला घर घेतलं. चार महिन्यांनी आमचं एक पत्र चुकून जुन्या पत्त्यावर गेलं म्हणून मी ते आणायला गेले. मधल्या मजल्यावर आता एक ब्राझिलियन कुटुंब होतं. दार उघडणाऱ्या बाईने सांगितलं, खालचे काका ऑगस्टमध्येच गेले. डुलकी लागल्यासारखे खुर्चीतच. त्यांच्या मुलीने येऊन सामान नेलं. मला कुणी कळवलं नव्हतं, आणि कळवावं असं कुणाला का वाटेल, तेही मला सांगता आलं नसतं. पत्र घेऊन मी गाडीत येऊन बसले. वाटेत भाजी घ्यायची होती.