चेनदादांचा शिक्का

कुंभिवलीच्या हायवेवर चायनीजच्या ज्या ज्या गाडीवर ड्रॅगन जीभ काढून बसलाय, तो चेनदादांच्या हातचा. "खरा चिनी पेंटर हाय आमचा," असं गाडीवाले गिऱ्हाइकांना मिरवून सांगतात. या खऱ्या चिन्याने चीन कधी पाहिला नाही, हे कोण सांगणार! जन्म माझगावचा, बायको दहिवलीची उज्ज्वला, आणि घासाघीस अशी अस्सल मराठीत की भाजीवालीने हात जोडावेत.

बाप चित्रकार होता. बासष्टच्या चीनच्या लढाईत पोलीस दारात आले आणि चिनी म्हणून त्याला घेऊन गेले. काही वर्षांनी परतला, पण पुन्हा त्याने कुंचला धरला नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. चेनदादांच्या पाठी खाकी लागली. सत्तरी ओलांडली, तरी दारावर थाप पडली की ते आधी खिडकीतून बघतात.

पण बापाने लहानपणी शिकवलेला हात गप्प बसेना. मागच्या खोलीत दादा पातळ कागदावर काळ्या शाईने कोंडाण्याचा कडा काढत, त्यावरचं धुकं काढत. चिनी रीत अशी, की कोपऱ्यात नावाचा लाल शिक्का उमटल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. दादांनी तो कधी उमटवलाच नाही. नाव लागलं की माणूस सापडतो, हे त्यांचं साधं गणित.

लेक दीप्ती मात्र हट्टाला पेटली. कर्जतच्या एका सभागृहात तिने प्रदर्शनच ठरवून टाकलं. "बिननावाची चित्रं कशी लावू, बाबा? आता कोण येणार हाय तुमाला न्यायला?"

अखेर एका सकाळी, मायलेकी बाहेर गेल्यावर, दादांनी एकेका चित्रावर शिक्का उमटवला. नंतर स्वतःच चहा करून प्यायले. कितीतरी वर्षांनी त्यांना मोकळं वाटत होतं.

दुपारी दारात जीप थांबली. दादांना खिडकीतून खाकी दिसली.

"चेन हितंच राहतात का?"

सगळी नावं जमिनीवर वाळत पडलेली, लालभडक. लपवणार कुठे? दादांनी चित्रं कवेत गोळा केली, परसातल्या चुलीत कोंबली आणि काडी ओढली. पातळ कागद भरकन पेटला. मग त्यांनी दार उघडलं.

"घाबरताय काय, काका?" हवालदार हसला. "दीप्तीच्या पासपोर्टची चौकशी हाय. हितंच राहते ना ती? मग हितं सही करा, आणि तिला उद्या ठाण्यावर पाठवा."

दादांनी सही केली. जीप गेली.

संध्याकाळी दीप्तीला चुलीत राख दिसली. काय झालं ते कळल्यावर ती रडली, मग बापावर ओरडली. "माझ्या कामाला आले होते ते! आणि तुमी जन्माची चित्रं जाळलीत?"

दादांचं लक्षच नव्हतं. जीप गेली त्या रस्त्याकडे ते टक लावून बघत होते.

"चित्रं गेली तर गेली गं," ते म्हणाले. "पण त्यांनी तुझं नाव घेतलं, आणि मीच सही करून दिली."