बाईंना घाम आला

लग्न होऊन मी नांदगाव पेठेजवळच्या मळ्यावर आले, तेव्हा घरात सगळ्यात मोठा आवाज माझ्या थोरल्या जाऊबाईंचा होता. वांगी, मेथी, शेवंती बैलगाडीत घालून त्या अमरावतीच्या बाजाराला जायच्या आणि हसत हसत सगळा माल विकून यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "मले बाई म्हन. अन् भूक लागली तं लाजू नको."

पुढच्या काही वर्षांत याच बाई मंदावत गेल्या. इतक्या हळूहळू की कुणाच्या ध्यानातच आलं नाही. चेहरा सुजला, भुवया विरळ झाल्या, आवाज घोगरा झाला. भाकर थापताना डोळा लागायचा. सासूबाई म्हणत, "आळस भरला आंगात." शेजारणींना बाहेरवशाची, भुताखेताची शंका.

एकदा ऐन वैशाखात, आम्ही पदरानं वारा घेत होतो आणि बाई घोंगडी पांघरून चुलीपाशी बसलेल्या.

"बाई, इथं काहून बसल्या?"

"थंडी वाजून राहिली वं."

मी त्यांचा हात धरला. कोरडा, गार. मी घाबरले आणि सासूबाईंच्या मागेच लागले. अखेर माझे भासरे, म्हणजे बाईंचे यजमान, आम्हा दोघींना घेऊन निघाले. बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही अकोल्याला एका डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी बाईंच्या गुडघ्यावर लहानशी हातोडी मारली. पाय उडाला, पण खाली यायला त्यानं फार वेळ घेतला. गळा चाचपला, नाडी पाहिली. मग ते म्हणाले, "यांना आळस नाही आणि बाहेरचंही काही नाही. काय हो बाई, हृदय चालतं, घाम येतो, अन्न पचतं, हे तुम्हाला विचारून होतं का?"

"नाई जी."

"काही हुकूम नसांवाटे जातात. तार केल्यासारखे, क्षणात पोचतात. काही हुकूम गाठींच्या रसातून रक्तात उतरतात. ते पाटाच्या पाण्यासारखे, सावकाश जातात, पण सगळ्या वाफ्यांना पोचतात. तुमच्या गळ्यातली गाठ रस देईनाशी झाली आहे. म्हणून ऊब गेली, चाल गेली."

"म्हंजे पाट सुकला," बाई म्हणाल्या.

औषध होतं, पण ते मुंबईहून मागवावं लागणार होतं: मेंढीच्या गळ्यातली गाठ वाळवून केलेल्या गोळ्या. बाई माळकरी. घरात अंडंसुद्धा शिजत नसे. भासरे खाली मान घालून बसले. बाईंनी बराच वेळ विचार केला. तेव्हा त्यांना सगळ्यालाच वेळ लागायचा.

"मेंढी काय खाते जी?"

"गवत, पाला."

"मंग मी बी पालाच खाऊन राहिली, असं समजा."

डॉक्टर मनापासून हसले. सुरुवात अगदी थोड्या औषधानं करायची, हृदयाला एकदम पळवायचं नाही, असं त्यांनी बजावलं.

सुरुवातीला काहीच फरक दिसला नाही. मग एका दुपारी मी मेथी निंदत होते, तर घरातून बाई पळत आल्या. चक्क पळत!

"पाह्य वं, पाह्य! मले घाम आला!"

कपाळावर खरंच थेंब होते. आम्ही दोघी वाफ्यातच हसत सुटलो. आवाज ऐकून सासूबाई आल्या. त्यांनी बाईंच्या कपाळावरून बोट फिरवलं, निरखून पाहिलं आणि घरात जाऊन गुळाचा खडा आणून बाईंच्या तोंडात घातला.

पुढं भूक आली, केस आले, जीभही मोकळी झाली. एक दिवस वरणातल्या मिठावरून बाई सासूबाईंशी कडाडून भांडल्या. सासूबाई रागावल्या नाहीत. त्या घरोघर सांगत सुटल्या, "आज सून माह्याशी भांडली वं!"

हिवाळ्यात आम्ही पुन्हा अकोल्याला गेलो. डॉक्टरांनी आमच्याकडे पाहून विचारलं, "पेशंट आणली नाही का?"

"हे काय, तुमच्यापुढं उभी हाये!"

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील म्हणाले.

"मंग मेंढ्यायले जपा जी," बाई म्हणाल्या.

स्टेशनाच्या वाटेवर त्या इतक्या झपाझप चालल्या की भासऱ्यांना मागून हाका माराव्या लागल्या. गाडीत त्यांनी खिडकी पटकावली आणि बडनेऱ्यापर्यंत एकट्याच बोलत राहिल्या. मध्ये बोलायचं आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही.