अर्ध्या जॉबला खूण नसते

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणी कुणाचं कौतुक करत नाही. जॉब चांगला झाला तर गिऱ्हाईक गप उचलून नेतं, आणि बिघडला तर गल्लीला ऐकू जाईल असं बोलतं. यल्लाप्पा मिस्त्रीचे जॉब पस्तीस वर्षं गप उचलले गेले, यातच काय ते समजावं.

त्याची शेड म्हणजे दोन यंत्रं, जॉब घट्ट पकडायचा एक वाईस आणि चहाच्या ग्लासांचे डाग पडलेलं टेबल. इचलकरंजी-कबनूरच्या यंत्रमागांना लागणारे सुटे भाग तो करायचा. भाग पुरा झाला, मापाला बसला, कानशीचा शेवटचा हात फिरला, की मागच्या बाजूला सेंटर पंच, म्हणजे टोकदार पोलादी खिळा, टेकवून हातोडीचे तीन हलके ठोके. चुलीच्या दगडांसारखे तीन ठिपके. ती त्याची खूण.

ही खूण त्याला उस्तादांनी दिली होती. म्हातारा मोठा खट. चेल्याचा हात तयार झाला असं वाटलं की त्याला एक खूण नेमून द्यायचा आणि वर बजावायचा, पुऱ्या जॉबलाच मारायची, अर्ध्या जॉबला खूण नसते. यल्लाप्पाला चौथ्या वर्षी खूण मिळाली. त्याच्या बरोबरीनं शिकणाऱ्या कृष्णातला सातव्या वर्षीही मिळाली नाही. कृष्णातचा हात वाईट नव्हता, पण त्याला घाई फार. शेवटी त्यानं कानस ठेवली आणि फिरतीचा धंदा धरला. कारखान्यांकडून ऑर्डरी आणायच्या, मिस्त्र्यांकडून करून घ्यायच्या, मधलं आपण ठेवायचं. यल्लाप्पाच्या ठिपक्यांची तो जन्मभर चेष्टा करत आला. 'गोंदण करून देतोय बघा मिस्त्री,' म्हणायचा. यल्लाप्पा हसायचा, कारण बायकोच्या, मीनाबाईच्या, ऑपरेशनच्या वेळी रक्त द्यायला पहिला धावला होता तो कृष्णातच. अशा माणसाची चेष्टा कोण मनाला लावून घेतो.

तर हा कृष्णात गेल्या वर्षी एक नमुना घेऊन आला. ॲल्युमिनियमचा तुकडा, पण हातात घेतला की लगेच कळावं. पिस्तुलाचा सांगाडा होता तो, काही जागा मुद्दाम कोऱ्या ठेवलेला. यल्लाप्पानं तो टेबलावर ठेवला आणि हात पुसला. कृष्णातनं मग फोनवर परदेशी दुकानांची चित्रं दाखवली. तिकडं असले अर्धे सांगाडे खोक्यात घालून विकतात, हौशी लोक घरी बसून पुढचं काम करतात, जसं आपल्याकडं कुणी रेडिओ जुळवतो. इथं नाटकवाले, सिनेमावाले आणि शोकेसची हौस असलेले बंगलेवाले घेणार. आणि कायद्याचं म्हणशील तर, कृष्णात म्हणाला, "पुरं झालं तर हत्यार. अर्धं हाय तंवर नुसतं ॲल्युमिनियम हाय, लेका."

आपल्याकडच्या कायद्याला हे अर्धं-पुरं अजिबात कळत नाही. परवाना नसेल तर हत्याराचा भागसुद्धा गुन्ह्यालाच जातो. हे यल्लाप्पाला कळायला कोल्हापूर सोडून जायची गरज नव्हती. त्याची मुलगी संघप्रिया कसबा बावड्याच्या कोर्टात टायपिस्ट आहे, जेवताना विचारलं असतं तरी तिनं घास गिळायच्या आत सांगितलं असतं. पण कृष्णात म्हणाला, पोरीला कशाला सांगतोस, तिला वाटंल बाप या वयात खेळणी करतोय. आणि यल्लाप्पा गप्प बसला. आता याला भोळेपणा म्हणायचं की मित्रापुढं नाही म्हणायची लाज, ते ज्यानं त्यानं ठरवावं. लाजच जास्त असावी.

त्यानं चोवीस नग केले. काम करताना त्याचा जीव एकाच गोष्टीत अडकत होता. कोरी ठेवलेली जागा बघवत नव्हती. आयुष्यात त्यानं अर्धा जॉब शेडच्या दाराबाहेर सोडला नव्हता, आणि इथं ऑर्डरच अर्ध्याची. निदान खूण तरी मारायची नाही, हे त्यानं पहिल्या दिवशीच ठरवलं होतं.

नग न्यायला कृष्णात आला, एक उचलून उलटापालटा करून बघितला आणि म्हणाला, "यल्लू, ठिपके कुठायत?"

यल्लाप्पानं उस्तादांचा नियम सांगितला. कृष्णातनं हातातला नग खाली ठेवला. मग म्हणाला, "मी आयुष्यभर हसलो तुझ्या ठिपक्यांना. पण मला कळतंय की, तुझी खूण म्हंजे माल खरा. ह्यावर मार. माझ्यासाठी मार."

पस्तीस वर्षांत त्याच्याकडं कुणी खूण मागितली नव्हती. लोक माल न्यायचे, ठिपक्यांकडं बघायचेही नाहीत. यल्लाप्पाच्या छातीत काहीतरी भरून आलं आणि त्याच भरात त्यानं पंच उचलला. उस्तादांचा शब्द त्यानं पहिल्यांदाच मोडला. चोवीस नगांवर चोवीस खुणा पडल्या.

चार महिन्यांनी, भर दुपारी, पोलीस शेडवर आले. गावाबाहेरच्या एका गोदामात सांगाड्यांची खोकी सापडली होती. त्यातले काही पुरे होऊन भलत्याच लोकांच्या कमरेला गेले होते. कृष्णातला आदल्या दिवशीच उचललं होतं आणि त्यानं जबाब देऊन टाकला होता. मी नुसता पोचवणारा. माल सगळा यल्लाप्पा मिस्त्रीचा, खूण बघा.

यल्लाप्पाला ठाण्यात नेलं तेव्हा संघप्रिया कोर्टातून तशीच धावत आली. वकिलाशी बोलून आली होती. तिनं बापाला भिंतीकडेला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की खुणेशिवाय पोलिसांकडं पक्कं असं काही नाही. "आप्पा, तीन ठिपके म्हंजे काय सही न्हवं. कुणीबी मारू शकतंय. माझी खूण न्हाय म्हणा आणि गप बसा. मी हात जोडते."

आत टेबलावर साठ नग मांडले होते, गोदामातले आणि लोकांकडून परत मिळवलेले मिळून. संयोगिता नावाच्या निरीक्षक बाई होत्या, त्यांनी एक नग त्याच्यापुढं सरकवला आणि विचारलं, ही खूण तुमची का. बाजूच्या बाकावर कृष्णात बसला होता. मान खाली, हातात रुमाल.

यल्लाप्पानं नग घेतला, उलटा केला आणि ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. त्याच्या डाव्या अंगठ्याचं टोक फार वर्षांपूर्वी पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये गेलंय. त्यामुळं तिसरा ठिपका मारताना पंच थोडा कलतो आणि ठिपका एका अंगाला खोल बसतो. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळतं. हे उस्तादांना माहीत होतं आणि यल्लाप्पाला. तिसऱ्या कुणाला नाही.

त्यानं तो नग डावीकडं ठेवला. दुसरा घेतला, अंगठा फिरवला आणि थांबला. पुन्हा फिरवला. हा नग उजवीकडं ठेवला. मग कुणी न सांगता तो एकेक नग उचलत गेला. सगळे त्याच्या हाताकडं बघत होते, दाराशी संघप्रिया तोंडावर पदर धरून उभी होती. शेवटी डावीकडं चोवीस झाले आणि उजवीकडं छत्तीस.

"साहेब, हे चोवीस माझे हायत," तो म्हणाला. "हे छत्तीस माझे न्हायत. ह्यांच्यावरचे ठिपके सारखे बसल्यात. माझे सारखे बसत न्हायत."

बाईंनी दोन नग घेऊन स्वतः बोट फिरवलं आणि मग कृष्णातकडं बघितलं. यल्लाप्पानंही बघितलं. ठिपक्यांमधलं अंतर बरोबर उस्तादांनी शिकवलेलं होतं, गव्हाच्या दाण्याएवढं. यल्लाप्पाचा सोडला तर असा पंच धरणारा हात आता गावात एकच उरला होता. जो माणूस पस्तीस वर्षं हसला, त्यानं खूण का मागितली ते यल्लाप्पाला तेव्हा उमजलं. माल खरा म्हणून नव्हे. माल कुणाच्या गळ्यात घालायचा ते आधीच ठरलं होतं म्हणून. ज्याचं रक्त मीनाबाईच्या अंगात खेळत होतं, त्यानंच केसानं गळा कापला होता.

"किस्ना," तो एवढंच म्हणाला, "हे ठिपके तू मारलास?"

कृष्णातनं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर लाज होती असं म्हणावं, तर तसं नव्हतं. जुना राग होता, सातव्या वर्षी खूण न मिळालेल्या पोराचा. "तुझीच खूण हाय की, यल्लू," तो म्हणाला. "मला कुठं दिलती?"

छत्तीस नगांचा माग मग कृष्णातच्या दारापर्यंत गेला. चोवीस नगांचा गुन्हा यल्लाप्पावर राहिला, कारण तो त्यानं आपल्या तोंडानं कबूल केला होता. जामीन झाला, शेडला सील लागलं, पंच पुरावा म्हणून गेला. संघप्रिया महिनाभर बापाशी बोलली नाही. मीनाबाई मात्र एकदा भाकरी थापता थापता म्हणाली की माझ्या अंगातलं ते रक्त काढून देता आलं असतं तर बरं झालं असतं. 

आता तो दुसऱ्याच्या शेडमध्ये उभा राहून मागाचे भाग करतो. हात तोच आहे, माप तेच आहे. नवा पंच मात्र त्यानं घेतला नाही. परवा कबनूरचं एक जुनं गिऱ्हाईक भाग न्यायला आलं. त्यानं भाग उचलला, सवयीनं मागच्या बाजूवरून बोट फिरवलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. म्हणजे त्याचं बोट इतकी वर्षं तिथं जात होतं. यल्लाप्पाला ते तेव्हा कळलं.

"मिस्त्री, ठिपके न्हायत ह्यावर," गिऱ्हाईक म्हणालं. "दुसऱ्याकडनं करून घेतलासा व्हय?"

यल्लाप्पानं कानस पुसून ठेवली. जॉब पुरा होता, मापाला चोख बसलेला होता, पहाटेपासून त्यानं स्वतः घासलेला होता.

"व्हय," तो म्हणाला. "दुसऱ्यानंच केलाय."