कुंपणाकडे वळलेला वास

आमच्या शेजारचे काका चिमूटभर माती उचलायचे, तळहातावर चोळायचे, नाकाशी धरायचे आणि डोळे बारीक करून म्हणायचे, "ही सरळ माती नाय." माती तर माती, माणसांनाही ते असंच हुंगत. पोस्टमन बदलला, कोणी सत्यनारायणाचा प्रसाद आणून दिला, तरी आधी नाक.

नाक म्हणाल तर सावर्ड्याच्या बाजारात कोणी सुकट पसरली की रत्नागिरीत काकांना शिंक यायची. लोट्याच्या एका रसायनांच्या कंपनीतल्या प्रयोगशाळेत त्यांनी जन्म काढला होता. निरोपाच्या वेळी मिळालेलं घड्याळसुद्धा त्यांनी घरी आल्या आल्या उघडून पाहिलं, आत यंत्र आहे ना म्हणून.

माझं गॅरेज उताराच्या माथ्यावर. खाली काकांचं आवार आणि त्याला लागून पाच घरांची विहीर. एका मे महिन्यात विहिरीच्या पाण्यावर डिझेलच्या वासाचा, इंद्रधनुष्यासारखा तवंग पसरला आणि पाचही घरांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. मी गॅरेजवाला. चंद्रावर तेल सांडलं तरी लोक माझ्याच हातांकडे बघणार.

"तू वर सांडतोस, आम्ही खाली पितो," काका म्हणाले.

"काका, माझ्याकडे सिमेंटची फरशी आहे."

"तिला भेगा नाय पडल्या, असं कुणी लिहून दिलंय?"

त्यांनी नगरपालिकेत अर्ज ठोकला. पंधरा दिवसांनी सुनावणी. अर्ज टिकला असता तर गॅरेज बंद, आणि दुसरीकडे जागा घेण्याची माझी ऐपत नव्हती.

पण संशयी माणसाचा एक गुण असतो, मंडळी. तो स्वतःच्या अर्जावरही विश्वास ठेवत नाही. दुसऱ्याच दिवशी काका पहार घेऊन विहिरीपासून वर खड्डे मारत निघाले. जांभ्या दगडावर घाव असे बसत होते की मांडवी बंदरातल्या होड्या हलल्या असतील. प्रत्येक खड्ड्यातली माती बरणीत, बरणी उन्हात, मग झाकण उघडून नाक. ते खड्ड्यात गुपचूप काही ओतत नाहीत ना, हे बघायला मी शेजारी उभा. मी ओतत नाही ना, म्हणून त्यांची नजर माझ्या खिशांवर.

"डिझेल पाण्यासारखं सरळ जात नाय," ते खणता खणता सांगायचे. "थोडं मातीला चिकटतं, बाकीचं जांभ्यातल्या भोकांतून उतरतं. खाली पाणी लागलं की त्यावर तरंगत उताराने चालू लागतं. काही उडून जातं, काही मातीतले जंतू खातात. त्यांना हवा मात्र लागते. खाली कोंडलं तर वर्षानुवर्षं बसून राहतं."

"जंतू डिझेल खातात?"

"तू तीन दिवसांचा वडा खातोस, तेव्हा ते विचारतात का?"

चौथ्या खड्ड्याला गंमत झाली. माझ्या बाजूची माती कोरी निघाली. वास डावीकडे वळला आणि थेट काकांच्या कुंपणाला जाऊन थांबला.

आमच्याकडे कुंपणाच्या लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून गाड्यांतून काढलेलं जळकं ऑइल फासतात. काकांचा हात सढळ. ते ऑइल डिझेलमध्ये पातळ करायचे, खांब रंगवायचे आणि उरलेलं खांबाच्या बुडात ओतायचे. दर वर्षी. ऑइलचा कॅन माझ्याच गॅरेजातून भरून न्यायचे. मला हे पहिल्या दिवसापासून आठवत होतं. बोललो नव्हतो.

काका बरणी मांडीवर घेऊन खड्ड्याच्या काठावर बसले. म्हणाले, "कॅन तूच भरून द्यायचास. मग सांगितलं का नाय?"

"तुम्हाला खरं वाटलं असतं?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाय."

सुनावणीच्या आदल्या दिवशी ते गॅरेजात आले, स्टुलावर बसले. "पहार मारून हात आखडलेत. तू लिही. तक्रार मागे घेतो. दोष अर्जदाराचा."

मी लिहिलं, 'दोष काही अंशी अर्जदाराचा.' त्यांनी चष्मा लावून तीनदा वाचलं आणि 'काही अंशी' खोडलं. "मला वाचवून तुला काय मिळणार आहे?" असं म्हणून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांचं घड्याळ लांबवलं होतं.

गॅरेज राहिलं. काकांनी खांब उपटले, भोवतालची माती काढून ताडपत्रीवर पसरली, शेणखत आणि पेंढा मिसळला. ढीग ओलसर ठेवायचा आणि जंतूंना हवा मिळावी म्हणून दर आठ दिवसांनी फिरवायचा. त्यांचे खांदे दुखू लागले तसं फावडं माझ्याकडे आलं. ते खुर्चीत बसून ओरडायचे, "तळापर्यंत घाल. वरवर करतोयस."

पावसाळा गेला, आणि थंडीत एका दुपारी काका गेले. हृदयाने दगा दिला. जगात त्या एकट्यावरच त्यांना कधी संशय आला नव्हता.

आम्ही दोनदा विहीर उपसली. पाणी तपासून आणलं, दोन्ही वेळा स्वच्छ. अहवाल पाचही घरांनी उजेडाला धरून वाचला. पाणी झाडांना जातं, धुण्याला जातं, प्यायला कोणी नेत नाही. परवा मी कळशी वर काढली तेव्हा शेजारच्या वहिनी कठड्याशी थांबल्या.

"भावोजी, तुम्ही प्या आधी," त्या म्हणाल्या.

"तुम्ही घ्या ना, वहिनी."

मग कळशी मध्ये ठेवून आम्ही दोघंही काकांच्या बंद दाराकडे बघत उभे राहिलो.