फोरमनचा स्टोव्ह

ओगिसो हिसाए ही जपानातल्या ओकाया गावच्या, विजेच्या उपकरणांना लागणारे रिले बनवणाऱ्या कारखान्यातली सर्वांत अबोल बाई. आधी रेशमाच्या गिरणीत, मग संसारात आणि नवरा गेल्यावर कारखान्यात, तिने कुणाच्या अध्यात ना मध्यात असं आयुष्य काढलं होतं.

एकोणीसशे त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात त्यांच्या विभागाचा माल परत येऊ लागला. रिलेमधली वीज जोडणारी चांदीची टोकं नीट जुळेनात. महिनाअखेरपर्यंत कारण सापडलं नाही तर फोरमन कुरामोचीची गोदामात रवानगी होणार होती. तोक्योहून फोरमन लोकांसाठी नवं मासिक यायचं. कामगारांची मंडळं करा, त्यांनाच दोष शोधू द्या, असं त्यात लिहिलेलं. कुरामोचीने कामाची पाळी सुटल्यावर बायकांना गोल बसवलं, स्वतः चहा ओतला आणि विचारलं, "बोला, कुठे चुकतंय?"

चूक कुठे ते सगळ्यांना ठाऊक होतं. बायकांची बोटं आखडू नयेत म्हणून कुरामोची घरचा रॉकेलचा स्टोव्ह आणून सकाळी पेटवायचा आणि इंजिनियर यायच्या आत लपवून ठेवायचा. त्याची काजळी रोज त्यांच्या डोक्यावरच्या पांढऱ्या रुमालांवर दिसायची. मग चांदीवर बसल्याशिवाय राहते होय! पण ज्याने ऊब दिली, त्याच्या तोंडावर सांगायचं कुणी?

"आमचंच लक्ष नसतं," एक म्हणाली.

"हो ना, आम्हीच वेंधळ्या," दुसरीने री ओढली.

"छे छे, असं नका हो म्हणू," कुरामोची म्हणाला.

एवढ्या सभ्यपणाने माणूस गोदामात गेला असता, तोही सगळ्यांचे आभार मानत. हिसाएला ते बघवेना.

"कुरामोचीसान, तुमचा स्टोव्ह काजळी धरतोय. माल त्यानेच परत येतोय."

"अगं, जीभ आवर!" शेजारणीने तिला चिमटा काढला.

कुरामोचीचा चेहरा पडला. "मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत. आज विचारलंत, तर आधी चहा पाजलात."

कुरामोचीने वर साहेबांकडे जाऊन स्टोव्हचं सगळं स्वतः कबूल केलं. स्टोव्ह गेला, माल सुधारला, त्याची जागा टिकली. बायका मात्र हिवाळाभर गारठलेल्या बोटांनी काम करत राहिल्या आणि "घे, बोललीस ना!" म्हणून हिसाएला टोचत राहिल्या. कुरामोचीने तिला कधीच माफ केलं नाही. दारात समोर आली तर तो नजर चुकवून जायचा, आणि तिला त्याचं फार वाईट वाटायचं. पण मंडळ बसलं की ती आल्याशिवाय तो कुणाला बोलू द्यायचा नाही.